उडणारा न्यायाधीश

चीनच्या तांग राजवटीच्या जुन्या इतिहासात दी रेनजिए नावाच्या अधिकाऱ्याच्या नावावर एक आकडा नोंदवलेला आहे. राजधानीतल्या वरिष्ठ न्यायालयात असताना त्याने एका वर्षात तुंबलेले खटले निकाली काढले. त्या खटल्यांत 17,000 माणसं अडकली होती आणि निकालाविरुद्ध एकाचीही तक्रार आली नाही. भागाकार करून पाहा. एकही सुट्टी न घेता रोज सेहेचाळीस-सत्तेचाळीस माणसं! एवढी दप्तरं उपसून हा गृहस्थ रात्री छपरांवरून उड्या मारायला जायचा कधी?

पण पडद्यावर तो जातो, आणि झोकात जातो. 2010 साली हाँगकाँगच्या त्सुई हार्क या दिग्दर्शकाने त्याच्यावर चित्रपट काढला, अँडी लाऊला दी केलं आणि मारामाऱ्या बसवायला सॅमो हंगला घेतलं. तेव्हापासून हा सातव्या शतकातला अधिकारी जगभर हवेत तरंगतो आहे. काळाचा अंदाज हवा असेल तर असा: ह्युएन त्संग आपल्याकडे पुलकेशीचा महाराष्ट्र पाहून 645 मध्ये चीनला परतला, तेव्हा दी पंधरा वर्षांचा होता.

आधी तरंगण्याचं बघू. नटाच्या कपड्यांखाली पट्ट्यांचा हार्नेस असतो. कोलांटी मारायची असेल तर वायर कमरेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे शरीराचा तोल जिथे असतो त्याच्या आसपास लावतात. सरळ उभं तरंगायचं असेल तर खांद्यांशी. दुसऱ्या टोकाला पुलीवरून दोर ओढणारी माणसं. खरी कसोटी सुरुवातीच्या क्षणाची असते. नटाने आधी स्वतः गुडघे वाकवून उडी घ्यायची आणि त्या उडीला ओढ मिळायची. ओढ आधी आली तर पाय न वाकताच माणूस वर उचलला जातो आणि प्रेक्षकाला कारण सांगता आलं नाही तरी लबाडी कळते. उतरतानाही तेच. वायर लवकर सैल केली तर नट धपकन आदळतो, उशिरा केली तर पाय जमिनीला लागूनही अंगात वजन दिसत नाही. आणि पोट, पाठ, मांड्या आवळून धरल्या नाहीत तर महान योद्धा दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा लोंबतो.

तांगकालीन घोळदार झगा इथे मदतीला येतो. त्यात हार्नेस लपतो, वायरीसाठी शिवणीत भोकं ठेवता येतात. मात्र तोच झगा दगाही देतो. हाणामारी चपळ दिसावी म्हणून कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 22 फ्रेमने चालवायची जुनी युक्ती आहे. पडद्यावर ते 24 नेच दाखवलं की हालचाल साधारण नऊ टक्के वेगवान होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. 20 वर आणलं की अस्तन्या विचित्र फडफडायला लागतात. वायर पुसायला आता संगणक आहे, अस्तनीचं खोटं फडफडणं पुसणं तेवढं सोपं नाही.

हे सगळं जमूनही असे चित्रपट बरेचदा फसतात, कारण मारामारी सुरू झाली की तपास थांबतो. दहा मिनिटं तलवारी खणखणतात, मग पुन्हा कोणीतरी विषाच्या बाटलीकडे वळतं. माझ्या मते कसोटी एकच: मारामारी कापून टाकली तर रहस्य अडतं का? जखमेच्या आकारावरून शस्त्र, शस्त्रावरून गुरुकुल, पवित्र्यावरून मुखवट्यामागचा माणूस असं काहीतरी हाती लागलं पाहिजे. त्सुई हार्कच्या दीकडे एक दंड आहे. समोरच्या शस्त्रावर आपटला की कंपनांवरून त्याचा कच्चा सांधा शोधतो आणि नेमका तिथे घाव बसतो. शस्त्रच तपास करतं! ही कल्पना मला चित्रपटातल्या प्रचंड बुद्धमूर्तीपेक्षाही आवडते. याच चित्रपटात उन्हात येताच माणसं आतून पेटतात, सगळे शापाच्या नावाने बोटं मोडतात आणि शेवटी निघतात विषारी किडे. चमत्कारामागे शेवटी साधं कारण निघालंच पाहिजे, हे पथ्य अलीकडचं. जुन्या चिनी न्यायकथांत मेलेल्याचं भूत खुशाल साक्षीला यायचं आणि गुन्हेगार कोण हे वाचकाला बहुधा सुरुवातीलाच माहीत असायचं.

खऱ्या दीच्या काळात कबुलीजबाबाला फार मोल होतं. तो मिळवायला फटके कायदेशीर होते, पण मोजून: तीनच वेळा, दोन वेळांमध्ये वीस दिवसांचं अंतर, सगळे मिळून 200. तरीही आरोपी बोलला नाही तर फिर्याद करणाऱ्यालाच फटक्यांखाली घ्यायचं. सम्राज्ञी वू झेतियानच्या राज्यात लाय जुनचेनसारख्या अधिकाऱ्यांनी ही मोजदाद गुंडाळून ठेवली.

692 मध्ये याच लायने दीला राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. पहिल्याच चौकशीत गुन्हा कबूल करणाऱ्याला मरणातून सूट होती. दीने ताबडतोब कबूल केलं. पहारा ढिला पडला. मग त्याने पांघरुणाचं कापड फाडून त्यावर गाऱ्हाणं लिहिलं, ते आत भर घातलेल्या अंगरख्यात दडवलं आणि उकाडा वाढलाय, घरी पाठवून आतली भर काढून आणा, म्हणून पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला विनवलं. घरी मुलाला ते कापड सापडलं आणि तो ते घेऊन थेट सम्राज्ञीकडे गेला.

तिने दीला बोलावून विचारलं, कबूल का केलंस? तो म्हणाला, केलं नसतं तर एव्हाना फटक्यांखाली मेलो असतो. मग मरणदंडाबद्दल आभार मानणारा अर्ज का दिलास? असा अर्ज मी दिलेलाच नाही. अर्ज समोर आणला गेला. बनावट होता. दीचा जीव वाचला. मात्र राजधानीतलं पद गेलं आणि त्याची रवानगी दूर दक्षिणेला, पेंगझ नावाच्या तालुक्याच्या ठिकाणी झाली.