१२० दिवसांचा कार्यभार

अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरीत आरक्षण नाही, बिंदुनामावली नाही. १९७२ पासून नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाला बंदी, केंद्र सरकारी खात्यांना लागू झालं, सगळी मदार त्यावर. भेदभाव झाला असं वाटलं तर ४५ दिवसांत समान संधी समुपदेशकाकडे यायचं. ते काम माझं. बाजू कुणाचीच घ्यायची नाही, ३० दिवसांत मिटतंय का बघायचं. नाही मिटलं तर औपचारिक तक्रारीला नोटिशीपासून १५ दिवस.

ही केस वरवर साधी. जीएस-१२ या केंद्र सरकारी वेतनश्रेणीतल्या एका कृष्णवर्णीय बाईंनी वरच्या जीएस-१३ साठी अर्ज केला, मुलाखत झाली, निवड गोऱ्या सहकाऱ्याची झाली. बाई मुदतीत आल्या.

गुणपत्रक मागवलं. पाच प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. चार प्रश्नांत दोघं जवळपास बरोबरीत. पाचवा प्रश्न: टीममध्ये कामाची वाटणी कशी केलीत, उदाहरण द्या. इथे बाईंना दोन, त्याला पाच. समितीचं चुकलं म्हणता येत नाही. उदाहरण त्याच्याकडेच होतं. आठ महिन्यांपूर्वी शाखाप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा 'डिटेल' त्याला मिळाला होता. डिटेल म्हणजे दुसऱ्या पदाचा तात्पुरता कार्यभार, साधारण आपल्याकडच्या अतिरिक्त कार्यभारासारखा. वरच्या ग्रेडचा असला तरी १२० दिवसांपर्यंत ना जाहिरात, ना स्पर्धा. मागच्या बारा महिन्यांतले असे दिवसही त्यात धरायचे असतात. ते धरून मोजले: बरोब्बर १२०, एकही वर नाही. असले नियम साहेब लोक काटेकोर पाळतात.

"आणखी कुणाला विचारलं होतं?" असं मी डिटेल देणाऱ्या साहेबांना विचारलं. उत्तर: "तो समोर होता."

डिटेलवर तक्रार करायची मुदत केव्हाच उलटली होती. मॉर्गन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवलं की प्रत्येक सुट्या निर्णयाची मुदत वेगळी. जुना निर्णय पार्श्वभूमीचा पुरावा म्हणून चालतो, त्यावर दाद मिळत नाही. तेव्हा कळलंच नव्हतं म्हणावं, तर डिटेलची ई-मेल शाखेत सगळ्यांना गेली होती. बाईंनी उलट अभिनंदन कळवलं होतं.

माझा खरा संताप गुणपत्रकाचा. समितीने एकमताचा एकच कागद ठेवला, तिघांचे सुटे कागद श्रेडरमध्ये. निवड कशी झाली ते पुन्हा मांडता येईल एवढी कागदपत्रं दोन वर्षं ठेवायची असतात. एचआर म्हणतं, सारांश पुरेसा आहे. कुणी किती दिले हेच दिसत नसेल तर सांगितलेलं कारण खरं की बनाव, हे चौकशीत तपासायचं कशावर?

खात्याच्या समान संधीबाबतच्या वार्षिक अहवालात (एमडी-७१५) वंशानुसार अर्जदार, पात्र, निवडलेले असे तक्ते असतात. डिटेलचा तक्ता नाही. मग अडथळा मुलाखतीत दिसतो आणि उपाय म्हणून मुलाखत-प्रशिक्षण निघतं. प्रशिक्षण स्वस्त पडतं.

मिटवायच्या बोलण्यात काय देऊ केलं ते लिहिता येत नाही. मिटलं नाही. तक्रार दाखल झाली, दावा निवडीचा, डिटेल पार्श्वभूमीत. चौकशीला १८० दिवस. माझ्या अहवालात एक ओळ आहे: शाखेतल्या सगळ्या डिटेलची यादी मागवावी, वंशानुसार. एचआरचं म्हणणं, अशी यादी कुणी ठेवत नाही.