केसांतली पिन, काढताना

केसांची पिन विकणारं माणूस ती किती घट्ट बसते तेवढंच दाखवतं. लोकलच्या लेडीज डब्यात क्लचर विकणारी बाई एक स्वतःच्या केसांना अडकवते, मान दोन्हीकडे झटकते आणि विचारते, "बघा, हललं का?" काढून कुणी दाखवत नाही. काढायची वेळ येते रात्री साडेदहाला, लग्नाहून नाहीतर मुलीच्या गॅदरिंगहून घरी आल्यावर. हात डोक्यामागे, डोळ्यांना काही दिसत नाही, खांदे भरून आलेले, आणि अंबाड्यात एकूण किती पिना आहेत हे पार्लरवालीशिवाय कुणालाच ठाऊक नाही. पिनेची खरी परीक्षा तेव्हा होते, आणि माझ्या मते बऱ्याच पिना तिथे नापास होतात.

माझे वडील भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. पत्रा, तार, स्प्रिंग यांत आयुष्य गेलेलं. घरात कुठलीही वस्तू मोडली की दुरुस्तीच्या आधी ती का मोडली यावर आम्हाला व्याख्यान मिळे. आईची काळी पिन त्यांच्या आवडीची होती, म्हणजे तिच्या आकाराचं त्यांना कौतुक आणि आपण ती वापरतो कशी याचा राग. एक पाय सरळ, दुसऱ्याला नागमोडी वळणं, टोकांना प्लास्टिकचा एकेक थेंब. नागमोडी बाजू डोक्याला लागून असावी, सरळ बाजू वर. बऱ्याचजणी नेमकं उलट लावतात, कारण ती वळणं नक्षी वाटतात आणि नक्षी दिसायला हवी. शिवाय ही पिन उघडायची नसतेच. एका पायाचं टोक बाहेर वळवलेलं असतं ते केस आत घेण्यासाठी. नुसती सरकवली की जाते. आपल्याकडे मात्र ती दातांनी फाकवायची रीत आहे. दातांच्या डॉक्टरांना ही सवय चांगली माहीत असते, कारण पुढच्या दाताच्या कडेला तिने पाडलेली खाच त्यांना दिसते. बाबांना दाताचं काही नव्हतं, तारेचं होतं. "तार वाकून जोवर परत जागेवर येते, तोवर ती स्प्रिंग," ते म्हणायचे. "त्यापलीकडे ताणलीस की ती नुसती तार. फेकून दे."

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकात, युरोप-अमेरिकेतल्या बायकांनी केस मानेपर्यंत आखूड केले आणि त्या आखूड केसांबरोबर ही पिन घरोघरी गेली. डोक्यालगत चपट्या बसवलेल्या थोड्याशा केसांसाठीची ती वस्तू. आपण तिच्याकडून कमरेपर्यंतच्या केसांचा अंबाडा सांभाळण्याची अपेक्षा करतो, आणि ती फाकली की तिलाच नावं ठेवतो.

पण काळ्या पिनेची खरी अडचण वेगळी आहे. तिची पकड दाबाची आणि घर्षणाची. घर्षणाची पकड दोन्हीकडून सारखीच असते. गर्दीत कुणाच्या पर्सचा पट्टा केसांत अडकून ओढला गेला तरी पिन अडणार, आणि रात्री मी ओढली तरी तेवढीच अडणार. घर्षणाला माणूस ओळखता येत नाही. मुंबईच्या हवेत एक प्रयोग आपोआप होतो: पिनेवरचा काळा रंग उडतो, पावसाळ्यात ती गंजते, आणि ती गंजकी खरखरीत पिन डब्यातल्या सगळ्या पिनांपेक्षा घट्ट बसते. काढताना तीच सगळ्यात जास्त केस उपटून आणते. टोकाचा थेंब गळून गेला असेल तर डोक्यावर ओरखडाही काढते. म्हणून नुसती पकड वाढवून भागत नाही. जेवढी वाढवाल तेवढी रात्री भोगाल.

केसाच्या बाबतीत घर्षणात एक छोटासा अपवाद आहे. केसावर बारीक खवले असतात, कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले, तोंड टोकाकडे. एक लांब केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं न्या, गुळगुळीत लागतो. उलटी न्या, किंचित अडखळतो. म्हणजे टोकाच्या दिशेने जाणं सोपं, मुळाकडे जाणं अवघड. आणि पिन घसरते ती नेहमी टोकाच्या दिशेने. निसर्गाने एक अपवाद केला, तोही पिनेच्या विरोधात. कंडिशनर ते खवले आणखी बसवतो, त्यामुळे न्हाल्याच्या दिवशी पिन टिकत नाही आणि दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखी बसते. पार्लरमध्ये नवरीचे केस आधी उलटे विंचरतात, ते केस फुगवण्यासाठी तर खरंच, पण पिनेला अडायला काहीतरी हवं म्हणूनही. त्यावर स्प्रे. मग त्या स्प्रेतून पिना काढणं हा लग्नातला शेवटचा विधी, जो कुठल्याच अल्बममध्ये नसतो.

गिरगावातली माझी मावशी रोज अंबाडा घालायची, आणि तिच्याकडे एकही काळी पिन नव्हती. तिचे सगळे आकडे. आता दुकानात यू पिन म्हणून मागावे लागतात. दोन पाय, मध्ये मोकळी जागा, दाब जवळजवळ नाहीच. लहानपणी मला वाटायचं की हा आकडा केसांत राहतोच कसा, कारण हातात घेतला तर तो कशालाच धरत नाही. मग तिने एकदा आरशासमोर बसवून, अगदी सावकाश, तो माझ्या केसांत लावून दाखवला. आकड्याची टोकं आधी अंबाड्याच्या बाहेरच्या दिशेला. कडेची जराशी बट त्यात घ्यायची. मग आकडा जागच्या जागी उलटा फिरवायचा, टोकं डोक्यालगतच्या केसांतून अंबाड्याच्या मध्याकडे वळवायची आणि आत सारायचा. झालं. आता अंबाडा सुटायला बघतो तेव्हा ती पकडलेली बट आकड्याला आणखी आतच ओढते. आकड्याला बाहेर यायचं तर आधी मागे सरकावं लागतं आणि मग वळावं लागतं, या क्रमाने. धावत्या लोकलला एवढी अक्कल नसते. मावशीच्या बोटांना होती. रात्री पलंगाच्या कडेला बसून ती बोलता बोलता एकेक आकडा काढायची: थोडं मागे, गिरकी, बाहेर. एकही केस तुटत नसे. काढलेले आकडे पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि तिथेही मोजून टाकायची, कारण एखादा राहिला तर उशीवर टोचतो.

पिनेचा विचार करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. पिनेला दोन वाटा हव्यात. ज्या वाटेने केस, वारा, गर्दी आणि स्वतःचं वजन ओढतं ती बंद. आणि दुसरी, जी फक्त बोटांनाच सापडेल. सेफ्टी पिनेत हे कोडं केव्हाच सुटलंय. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं, यावर बाबा दरवेळी हळहळायचे. पदर कितीही ओढला गेला तरी ती उघडत नाही. उघडायचं तर दाबून बाजूला सरकवावं लागतं, आणि पदर तसं दाबू शकत नाही. पण तिला टोचायला कापड लागतं. केसांत टोचणार कशात?

लहान मुलींची टिकटिक क्लिप घ्या. बाबांना मुंबईत सापडलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये तिचा नंबर फार वरचा होता. पोलादी पत्र्याचा तुकडा असा कापलेला असतो की त्याचे दोन फाटे टोकाशी जवळ ओढून जोडले की पत्र्याला सपाट राहताच येत नाही. तो एका बाजूला फुगतो नाहीतर दुसऱ्या. मध्ये थांबणं त्याला जमत नाही. म्हणून तो 'टक' आवाज. बंद असताना ती बंदच राहायला बघते, आणि अंगठ्याने कोपरा दाबला की उघडीच राहायला बघते. दोन वाटांचा याहून स्वच्छ नमुना मी पाहिलेला नाही. खोट एकच: जिथे ते फाटे जोडलेत तिथे एखादा बारीक केस शिरतो, आणि मग शाळेची रिक्षा खाली हॉर्न देत असताना जो आक्रोश होतो तो सगळ्या मजल्यांना ऐकू जातो. आणि तिच्यात केस मावतात ते मुठीएवढेही नाहीत.

क्लचर मला फारसा आवडत नाही, पण हरलेली लढाई लढण्यात अर्थ नाही. सकाळी सात-बाराची गाडी असलेल्या बाईला एका हाताने, न बघता, दोन सेकंदांत केस वर घेता येतात. बिजागरीत स्प्रिंग, मागे दोन पाती. दोन्ही पाती एकदम चिमटीत धरणारी वस्तू जगात बोटांखेरीज फारशी नाही, त्यामुळे तत्त्व बरोबर आहे. पण बसायला जागा मिळाली आणि डोकं मागे टेकलं की क्लचर मानेत रुततो. म्हणजे ती उभ्याने प्रवास करणाऱ्यांची वस्तू, असं म्हणता येईल. मुंबईत खपणारच.

ऑफिसात मुली केसांचा पीळ करून त्यात पेन्सिल खोचतात तेव्हा मात्र मला बघत राहावंसं वाटतं. काहीच यंत्र नाही. पीळ सुटायला बघतो आणि त्याच जोराने पेन्सिलीला आडवा आवळतो. पेन्सिलीच्या लांबीच्या दिशेने मात्र कुणी अडवत नाही, सरळ ओढली की सगळे केस खाली. जपानमध्ये कान्झाशी नावाने यातल्या काड्यांची केवढी सुंदर परंपरा आहे. लोकलमध्ये चालणार नाही. तिथे ओढायला फार हात असतात. त्यापेक्षा हल्ली मिळते ती मळसूत्राच्या वळणाची पिन बरी. अंबाड्यात फिरवत घालायची, उलटी फिरवत काढायची. ओढून ती येत नाही आणि गर्दीत कुणी तुमच्या डोक्यात काही फिरवत बसत नाही. मावशीच्या आकड्याची गिरकी कुणीतरी तारेतच घालून ठेवली आहे, एवढंच.

तीच मावशी, वय झाल्यावर. गुडघ्याचा एमआरआय होता. लोखंडी वस्तू त्या खोलीत नेता येत नाही, चुंबक खेचून घेतं. बांगड्या, मंगळसूत्र, सगळं उतरवून झालं. केसात काही आहे का, असं तिथल्या मुलीने विचारलं. "काही नाही," मावशी म्हणाली. केस तेव्हा पातळ झाले होते, अंबाडा सुपारीएवढा, त्यात आकडे असतील असं कुणालाच वाटलं नसतं. त्या मुलीने तरी हात फिरवला आणि आकडे निघाले. मावशीला नवल वाटलं. इतक्या वर्षांत ते तिला लागायचेच बंद झाले होते. चांगली पिन अशीच हवी, लावणाऱ्याला विसरायला लावणारी, पण मग ती आहे हे दुसऱ्याला कळणार कसं? काळ्या केसांत काळी पिन दिसू नये म्हणून सगळी खटपट करायची, आणि रात्री तीच दिसत नाही म्हणून डोकं चाचपायचं.

यावर माझा स्वतःचा एक उपाय आहे. पिनेच्या वळलेल्या डोक्यावर, जिथे दोन पाय एकत्र येतात तिथे, एक बारीक दाणा असावा. डोळ्यांना दिसणार नाही, बोटाला लागेल. बोट फिरलं की कळेल, इथे एक आहे, तिचं तोंड या बाजूला आहे, म्हणजे तिकडून काढायची. बाबांना मी कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि तार ठोकतानाच दाणा उठवता येईल, वेगळी पायरी लागणार नाही, असं म्हणाले. त्यांच्याकडून ही केवढी शाबासकी.

पश्चिम रेल्वेवर फक्त बायकांची पहिली लोकल ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली धावली. पिनांच्या बाबतीत बाजाराचा कल कळून घ्यायचा तर लेडीज डब्याइतकी चांगली जागा नाही. एवढी डोकी एकत्र दुसरीकडे कुठे मिळणार? आमच्या मध्य रेल्वेच्या डब्यात घाटकोपरला चढणारी एक विक्रेती आहे, वयाने माझ्याएवढीच. गर्दी जरा कमी होती म्हणून तिला माझी दाण्याची कल्पना सांगितली. तिने काळ्या पिनांचं एक कार्ड काढलं, एका पिनेच्या डोक्यावर नखाने टिचकी मारली आणि विचार केला. खरंच विचार केला.

"ताई, बोटाला लागेल ते कंगव्यालाही लागेल," ती म्हणाली. "कंगवा अडला की बाई पिन परत आणते. माझ्याकडे. अंधारात सापडायला पाहिजे ना? मग ही मोत्याची घ्या, तीसला जोडी."