जुनी डिझेल डिझायर घेताय? आधी थंड इंजिन ऐका

जुनी डिझायर बघायला जाणार असाल तर मालकाला आदल्या दिवशीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर आधी बोनेट उघडून इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर त्या दिवशी सौदा बोलू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. या गाडीचं सगळ्यात महागडं दुखणं थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत ऐकू येतं, आणि इंजिन तापलं की बहुतेक वेळा लपतं.

मी बोलतोय फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या, चार मीटरच्या आत बसवलेल्या डिझायरबद्दल. मे २०१७ मध्ये पुढची पिढी आली, पण डिझेल इंजिन तेच राहिलं: फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. धुराबाबतचा बीएस-६ नियम लागू झाला तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, मारुतीने डिझेल बंद केलं. म्हणजे आज बाजारात असलेली प्रत्येक डिझेल डिझायर वापरलेलीच आहे. हेच इंजिन स्विफ्ट, अर्टिगा, पुंटो, लिनिया, मांझा अशा कितीतरी गाड्यांत होतं. त्यामुळे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात आणि हात बसलेला मेकॅनिकही सापडतो.

आता तो आवाज. पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखायला या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ‘चेन आहे, बदलावी लागत नाही’ असं विकणारा सांगेल, ते अर्धंच खरं. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन-सव्वातीन लिटर, आणि डिझेलची काजळी त्यात सतत मिसळत असते. ऑइल बदलायला उशीर झाला की ते चिकट होतं, बारीक वाटांत गाळ साचतो, टेन्शनर ढिला पडतो आणि चेन गाइडवर घासते. सकाळी स्टार्टर मारताच पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खळखळाट होतो आणि दाब आला की थांबतो, तो हाच. डिझेलची नेहमीची टकटक वेगळी, ती थांबत नाही.

या अवस्थेत चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट असा पूर्ण सेट टाकला तर मजुरीसकट साधारण १२ ते १८ हजार रुपये लागतात. नुसता टेन्शनर बदलून पैसे वाचवू नका, लांबलेली चेन पुन्हा वाजणारच. दुर्लक्ष केलं आणि चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, हेड उतरवावं लागतं आणि खर्च ४० हजारांच्या पुढे जातो.

म्हणून मीटरवरच्या आकड्यापेक्षा ऑइल बदलल्याच्या नोंदी मागा. मीटर मागे फिरवता येतं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या जुन्या नोंदी फिरवता येत नाहीत. कंपनीचं वेळापत्रक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्षाचं आहे. शहरातल्या रांगेत चालणाऱ्या गाडीचं ऑइल मी ७,५०० ला बदलायला सांगेन. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये नवं ऑइलही काही दिवसांत काळं होतं. पातळी बघा, आणि थेंब बोटांत चोळा: कचकच लागते का, डिझेलचा वास येतो का.

पिकअपची तक्रार असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. २,००० आरपीएमच्या खाली हे इंजिन मुळातच सुस्त आहे, तो दोष नाही. पण त्याच्या वरही गाडी ओढत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे रबरी पाइप तपासा. जोडाशी ऑइलचा ओला डाग आणि रेस केल्यावर फुसफुस आवाज म्हणजे पाइप फाटलाय. पाइप ठीक असेल तर बहुतेक वेळा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने तुंबलेला असतो. तो काढून साफ करता येतो, मात्र बसवताना गॅस्केट नवं घ्या. या दोन गोष्टी बघण्याआधी कुणी टर्बो बदलायला सांगितला तर थांबा. डिझेल फिल्टर २०,००० किलोमीटरला बदला आणि पावसाळ्यानंतर त्यातलं पाणी काढून घ्या. पाणी इंजेक्टरपर्यंत गेलं तर तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो.

क्लच तपासायला चढ शोधा. तिसऱ्या गिअरमध्ये एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, तर प्लेट संपत आलीय. क्लच ८० हजार ते एक लाख किलोमीटर चालतो. घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्याचा त्याआधीच जातो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा द्यायची नसते. एकूण ८ ते १२ हजार.

आपल्या रस्त्यांवर पुढचं सस्पेन्शन वाजणारच, प्रश्न काय वाजतंय हा आहे. हळू वेगात बारीक खड्ड्यांवर टकटक: लिंक रॉड, स्वस्त काम. ब्रेक मारताना किंवा सोडताना एक ठोका: लोअर आर्मचा बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कर्रकर्र आणि स्प्रिंगने मारलेली उडी: शॉकअपच्या वरचं बेअरिंग. वेगासोबत वाढणारी घूं घूं, जी वळणावर कमी-जास्त होते, ती व्हील बेअरिंगची. शॉकअप जोडीनेच बदला.

एसी थंड करत नसेल तर नुसता गॅस भरून घेऊ नका, आधी नायट्रोजनने लीक शोधून घ्या. कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तेवढे पैसे किमतीत कमी करून मागा. टायर खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४, वरच्याला १८५/६५ आर१५. चारही बदलायचे तर १६ ते २२ हजार धरा.

वर्षाला १०-१२ हजार किलोमीटर चालवणाऱ्याने सर्व्हिस आणि किरकोळ कामांसाठी १२ ते १५ हजार बाजूला ठेवावेत, आणि घेतल्यावर पहिल्याच महिन्यात सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, इंजिनाबाहेरचा बेल्ट करून घ्यायला वेगळे १० हजार. विम्यात थर्ड पार्टीचा दर १००० ते १५०० सीसीच्या या गटाला जून २०२२ पासून कराशिवाय ३,४१६ रुपये आहे. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र) आणि इथला रोड टॅक्स मिळवून हिशोब करा, बरेचदा स्वस्ताई तिथेच संपते. २०१२ च्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०२७ मध्ये नूतनीकरणाला येणार, तोही खर्च धरा.

शेवटी पुराची गाडी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली होतं, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. अत्तराचा वास जास्तच येत असेल तर सावध व्हा. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खळगा बघा, पुढच्या सीटचे खालचे बोल्ट गंजलेत का बघा. मग सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. सीट आणि कार्पेट सगळे धुतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचं टोक कुणी धूत नाही. तिथे तांबूस गाळाची रेघ दिसली तर पुढे काहीच तपासायची गरज नाही.