गावठाणाचा प्रश्न घेऊन कलिन्यात

राज्यशास्त्रात पीएच.डी. करायचं ठरवलं तेव्हा ज्याला त्याला परीक्षांचीच नावं सुचली. नेट दे, सेट दे (प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय आणि राज्य पात्रता परीक्षा), नाहीतर पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा दे. विभागातल्या व्याख्यानांना जाऊन बस, असं मात्र कुणी म्हणालं नाही. माझं काम तिथूनच मार्गी लागलं, म्हणून आधी तेच लिहिते.

मी घणसोली गावातली, ऐरोलीला अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. एम.ए. दूरशिक्षणातून झालं, त्यामुळे मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग मी आतून कधी पाहिलाच नव्हता. हा विभाग १९४८ पासूनचा, कलिन्याला विद्यानगरीत फिरोजशाह मेहता भवनात आहे. त्याच आवारात जे. पी. नाईक भवनात भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. अशा ठिकाणच्या बऱ्याच व्याख्यानांना बाहेरच्या माणसालाही जाता येतं. वाशीला गाडी बदलून कुर्ला, कुर्ल्याहून शेअर रिक्षा. शाळा-कॉलेज सांभाळून हा प्रवास जड जातो हे खरं, पण जमेल तितकं जावंच.

अशाच एका व्याख्यानाला गेले, विषय होता महापालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतरची शहरं. वक्ते इंग्रजीत बोलले. मी प्रश्न मराठीत विचारला आणि उत्तरही मराठीतच मिळालं. तेव्हा नवी मुंबई महापालिकेवर मे २०२० पासून आणि ठाण्यावर मार्च २०२२ पासून प्रशासक होता. ‘नगरसेवकच नाहीत, तर गावठाणातल्या घरांचा प्रश्न आम्ही मांडायचा कुठे?’ असं मी विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘नगरसेवक होते तेव्हा तो सभागृहात कोणी मांडला, कधी मांडला, आणि पुढे त्याचं काय झालं?’

मला उत्तर देता आलं नाही. व्याख्यानाला बसलेल्या इतर कुणालाही देता आलं नाही. चहाच्या वेळी विभागातल्या एक मॅडम जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘हे शोधायला घ्या.’

आमच्याकडे हा विषय घराघरातला आहे. १९७० साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण कुटुंबं वाढली, मुलांची लग्नं झाली, आणि गावात गरजेपोटी घरं उभी राहिली. ती नियमित होणार की नाही, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत येतो. माझ्या मनात हे सगळं एकत्र होतं. ‘प्रकल्पग्रस्तांवरचा अन्याय’ या नावाखाली मी पानंच्या पानं लिहून मॅडमना दाखवली. त्यांनी ती सावकाश वाचली आणि म्हणाल्या, ‘हे मागणीपत्र आहे, आणि ते योग्यच आहे. पण संशोधनाचा प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही.’ हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. माझ्या मते राज्यशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी हे सांगायला हवं.

मधल्या काळात त्यांच्याच ओळखीने एका मतदार सर्वेक्षणात काम मिळालं. संशोधनाची संधी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फेलोशिप येते. ती हवीच, पण अशा कामातून जे शिकायला मिळतं ते वेगळंच. मतदार यादीतून ठराविक अंतराने नावं निवडलेली असतात आणि नेमकं त्याच माणसाला गाठायचं असतं. तो घरी नसला म्हणून शेजाऱ्याला विचारून चालत नाही. मतदानाच्या प्रश्नाला तर हातात नमुना मतपत्रिका द्यायची, आपण तोंड फिरवायचं, आणि त्यांनी खूण करून, घडी घालून ती छोट्या पेटीत टाकायची. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या ‘लोकनीती’ या संशोधन गटाच्या सर्वेक्षणांमुळे ही पद्धत आपल्याकडे रुळली. कोपरखैरण्यात एका आजींनी पेटी हातात घेऊन हलवून पाहिली, आत आणखी घड्या आहेत याची खात्री केली आणि मगच आपली टाकली. गावठाणात मताबद्दल लोक मोकळेपणाने बोलत, पण ‘घर कुणाच्या नावावर?’ हे विचारलं की गप्प होत. सोसायट्यांमध्ये नेमकं उलट. माझा प्रश्न मला तिथे दिसायला लागला.

सेट उत्तीर्ण असल्याने मला पेट द्यावी लागली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रवेश परीक्षेतून येणाऱ्यांसाठी लेखी गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. माझं मात्र सगळं मुलाखतीवर ठरलं. पण त्याआधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का ते पाहा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. जागा भरल्या असल्या तर आवडता मार्गदर्शकही काही करू शकत नाही. विभागात नाही जमलं तर संलग्न महाविद्यालयांतल्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांत विचारावं. तिथेही चांगली माणसं आहेत आणि तिकडे फार कमी लोक वळतात.

मुलाखतीत समितीने एकच गोष्ट धरून ठेवली: ‘पुरावा कुठून आणणार?’ मी सांगितलं, महापालिकेच्या महासभेच्या, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेच्या, इतिवृत्तांतून. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला अस्तित्वात आली, पहिली निवडणूक १९९५ ला झाली. तेव्हापासून प्रशासक येईपर्यंत गरजेपोटी घरांचा विषय सभागृहात कसा आला आणि तो मांडताना भाषा कशी बदलत गेली, इतकंच मी पाहणार. ‘भूसंपादन, विमानतळ, पुनर्वसन हे सोडणार ना?’ असं विचारलं तेव्हा जीवावर आलं, पण हो म्हटलं. विषय मंजूर झाला.

प्रवेशानंतरच्या अभ्यासक्रमाबद्दल, म्हणजे कोर्सवर्कबद्दल थोडक्यात सांगते. संशोधन पद्धती आणि संशोधन-प्रकाशनाची नीतिमत्ता हे विषय मन लावून करा. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तेव्हा तेच कामी येतात. नियमाप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बायकांनी ही सवलत हक्काने घ्यावी.

आता इतिवृत्तं वाचते आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, पानाला २ रुपये, आणि शक्य तिथे प्रत्यक्ष जाऊन पाहणी. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’ अशा साच्यात बरंच काही दबून जातं. एखादा ठराव महासभेत येण्याआधी गावकीत त्यावर किती रात्री बोलणं झालं, कोण अडून बसलं, कुणी समजूत काढली, यातलं काहीच तिथे नसतं. म्हणून १९९५ च्या पहिल्या महासभेत बसलेल्या गावठाणातल्या बायकांच्या मुलाखती आधी घ्यायच्या ठरवल्या आहेत. प्रश्नावलीचा मसुदा मॅडमकडे दिला आहे. त्यांनी पहिल्याच प्रश्नाखाली रेघ मारून लिहिलंय, ‘हा प्रश्न लांब आहे, त्यांना बोलू द्या.’