आधी बूट, मग बोर्ड

पंधरा-वीस वर्षं पोटमाळ्यावर किंवा तळघरात पडलेला अल्पाइन स्नोबोर्ड खाली काढला की सगळ्यांचं लक्ष बोर्डाकडेच जातं. तो असतोही तसा देखणा. लांब, अरुंद, शेपटी जवळजवळ कापल्यासारखी आणि अंगावर नव्वदच्या दशकातले भडक रंग. मग चर्चा सुरू होते: आता नवा घ्यावा का, घ्यायचाच तर मेटलचा का, लांबी किती? या गडबडीत बूट मात्र पिशवीतच राहतात. खरं तर आधी ती पिशवी उघडायला हवी.

सर्वसाधारण स्नोबोर्डवर मऊ बूट असतात आणि पावलं बरीचशी आडवी. अल्पाइन प्रकारात बूट कडक प्लास्टिकचे, ते पकडायला कडक प्लेटची बाइंडिंग, आणि दोन्ही पावलं ५५ ते ६५ अंशांनी बोर्डाच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वळवलेली. बोर्डाची कंबर, म्हणजे मधली सर्वांत कमी रुंदी, १८ ते २२ सेंटीमीटर. हा बोर्ड घसरत वळत नाही, कडेवर उभा राहून बर्फ कापत वळतो आणि मागे पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ ठेवतो. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग आलं तेव्हा त्यात जायंट स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या फाटकांमधून वळत उतरायची शर्यत, होतंच, २००२पासून त्याची जागा समांतर जायंट स्लॅलमने घेतली, ज्यात दोघं शेजारी-शेजारी उतरतात. २०१८मध्ये झेक खेळाडू एस्तेर लेदेत्स्काने स्कीवर सुपर-जी ही वेगाची शर्यत आणि बोर्डवर हीच शर्यत, अशी दोन्ही सुवर्णपदकं एकाच ऑलिंपिकमध्ये जिंकली, तेव्हा चार दिवस सगळ्या जगाला या खेळाची आठवण झाली. एरवी आल्प्समध्ये काय किंवा कोलोरॅडोत काय, नेहमीच्या दुकानात हे सामान क्वचितच दिसतं आणि भाड्याने तर मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे या खेळात परतणाऱ्याला आपला मेकॅनिक आपणच व्हावं लागतं.

बूट आधी का, हे थोड्या गणिताने लगेच पटतं. बोर्डाच्या बाजूला जी आत गेलेली कमान असते, तिच्या वर्तुळाची त्रिज्या समजा १२ मीटर आहे. बोर्ड बर्फावर ६० अंशांनी कलला की प्रत्यक्ष वळण त्या त्रिज्येच्या कोसाइनपटीत, म्हणजे निम्म्यावर, ६ मीटरवर येतं. तेवढ्याच कलावर तोल साधलेला असेल तर पायांवर पडणारा भार मात्र शरीराच्या वजनाच्या दुप्पट होतो. उताराचा परिणाम यात धरलेला नाही, पण अंदाजाला एवढं पुरे. ७५ किलोचा माणूस त्या क्षणी दीडशे किलोचा असतो आणि ते सगळं वजन बुटांच्या कवचातून, बाइंडिंगच्या तारेतून आणि आठ स्क्रूंमधून कडेपर्यंत पोचतं. या साखळीत सर्वांत आधी काय तुटेल? बोर्ड नाही. वीस वर्षांचं प्लास्टिक.

हार्डबुटाचं कवच बहुधा पॉलियुरेथेनचं असतं. या प्लास्टिकची खोड अशी, की हवेतला ओलावा त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडत राहतो. बूट वापरा किंवा नका वापरू, ही तोडमोड चालूच असते. पावसाळ्याच्या तोंडावर दोन वर्षं कपाटात ठेवलेले ट्रेकिंगचे बूट काढावेत आणि राजगडाच्या पहिल्याच चढावर तळवा जबडा उघडल्यासारखा सुटावा, हे सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना नवं नाही. तिथेही बहुतेक वेळा गुन्हेगार हेच पॉलियुरेथेन. फरक इतकाच की ट्रेकवर तळवा दोरीने बांधून घरी येता येतं. कार्व्हिंगमध्ये, म्हणजे असं कडेवर बर्फ कापत वळताना, घोट्यावरचं कवच वेगात फुटलं तर बोर्डाची कड एका क्षणात सुटते, आणि प्लेट बाइंडिंग पडल्यावर स्कीच्या बाइंडिंगसारखी आपोआप मोकळीही होत नाही.

तपासणी कशी करायची? आतलं मऊ अस्तर, म्हणजे लायनर, बाहेर काढावं आणि कवच उजेडात फिरवून पाहावं. बक्कलांच्या रिव्हेटभोवती, घोट्याच्या बिजागरीपाशी आणि टाचेच्या वरच्या वाकणात केसासारख्या भेगा दिसतात का? पांढरा बूट पिवळा पडलाय का? कवच दोन्ही हातांनी जोरात दाबल्यावर करकरतं का? यातलं एक जरी आढळलं तरी ते बूट फुलझाडं लावायला ठेवावेत. काहीच आढळलं नाही तरी दहा-पंधरा वर्षांपुढच्या बुटांवर विश्वास टाकू नये, असं माझं स्पष्ट मत. थंडीत हे प्लास्टिक पूर्वसूचना न देता फुटतं, आणि बरेचदा डोळ्यांना ठणठणीत दिसणारं कवचच फुटतं.

नवे बूट घेताना आकडा मोंडोपॉइंटमध्ये असतो, म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. पाऊल भिंतीला टेकवून मोजावं. रोजच्या बुटाच्या नंबरावरून अंदाज बांधू नये, तो जवळजवळ नेहमी मोठा निघतो. मग लायनरशिवाय कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवावीत. टाचेमागे दहा ते पंधरा मिलिमीटर जागा उरली तर माप बरोबर. पंचवीस उरली तर दुकानात बूट फार आरामाचा वाटेल, पण उतारावर टाच उचलली जाईल, तिला दाबून धरायला बक्कल आवळावं लागेल आणि तासाभरात पाऊल बधिर होईल. डीलक्स, यूपीझेड अशी या बुटांची मोजकी नावं आहेत. पूर्वी ज्यांच्याकडे राइखलेचे बूट होते, त्यांना डीलक्सचा साचा ओळखीचा वाटेल. तो त्याच वंशातला.

घरात स्कीचे बूट आहेत, त्यांच्यावर भागवू, हा मोह अनेकांना होतो. बसतात ते, कारण बाइंडिंग जिथे बूट पकडते त्या तळव्याच्या पुढच्या-मागच्या ओठांचा आकार तोच असतो. पण स्कीचा बूट जास्त ताठ असतो, त्याची टाच लांब असते आणि बोर्डवर घोट्याला बाजूलाही जी थोडी हालचाल लागते ती तो देत नाही. शिवाय हल्ली बऱ्याच स्की बुटांना चालायला सोपा, पुढे वळलेला ग्रिपवॉक तळवा असतो. तो प्लेट बाइंडिंगच्या तारेखाली नीट बसत नाही. बसल्यासारखा दिसतो, हेच धोक्याचं.

आता बाइंडिंग. जुन्या प्लेटचा पाया नायलॉनचा असेल तर मधल्या चकतीभोवती आणि तारेच्या खोबणीपाशी भेगा शोधाव्यात. सापडल्या तर पुढे तपासण्यासारखं काही उरत नाही. तार वाकलेली असेल तर सरळ करून वापरू नये. वाकून सरळ झालेलं पोलाद पुढच्या वेळी तुटतं. पायात बूट अडकवून पुढचा खटका लावताना तळहाताचा जोर लागला पाहिजे. दोन बोटांनी लागला तर सैल, आणि गुडघ्याने दाबावा लागला तर तार उगाच ताणली जाते. इंटेक पद्धतीच्या टाचेत दोन पिना बाजूंना सरकून खटकन बसतात, आणि त्या मागे ओढायला नडगीजवळून वर आलेली एक केबल असते. ती केबल सर्वांत आधी गंजते. जुनी असेल तर तपासत बसण्यापेक्षा बदलून टाकावी. ओल्या बर्फाच्या दिवशी टाचेखाली बर्फ दाबला गेला की एकच पिन बसते आणि कानाला मात्र खटका ऐकू येतो. म्हणून प्रत्येक वेळी टाच वर ओढून पाहायची सवय लावून घ्यावी.

बोर्डावरची भोकंही बघून घ्यावीत. जुन्या बर्टनवर तीन भोकांची त्रिकोणी मांडणी असते, बाकी बहुतेकांवर चार सेंटीमीटरच्या चौकोनाची. नव्या बाइंडिंगची चकती जुन्या बोर्डावर बसते का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावं. स्क्रू एम६ जातीचे असतात आणि त्यांच्या एका पूर्ण फेऱ्याला स्क्रू बरोबर एक मिलिमीटर आत जातो. त्यामुळे हाताने फेरे मोजता येतात: घट्ट होईपर्यंत निदान सहा पूर्ण फेरे हवेत. तीन-चारच झाले तर स्क्रू आखूड आहे आणि एखाद्या दिवशी आट्यांसकट उपटून येईल. उलट बाजूने, जास्त लांब स्क्रू बेसला, म्हणजे बोर्डाच्या तळाला, फुगवटा आणतो. तो फुगवटा नंतर बसत नाही, आणि दुकानदार म्हणतो बोर्डातच दोष होता. आटे सैल पडू नयेत म्हणून निळा थ्रेडलॉक एखादा थेंब लावावा, मात्र तो प्लास्टिकच्या भागांवर सांडू देऊ नये. काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतं.

इतकं झाल्यावर बोर्डाकडे वळायला हरकत नाही. तो फरशीवर ठेवला की मधे तळाला उठाव दिसला पाहिजे. तो बसून गेला असेल तर बोर्ड भिंतीला टांगण्यापुरता. कडेलगत नखाने चाचपावं; पापुद्रे सुटत असतील तिथे फट लागते. मग तीन मापं घ्यावीत: नाकाकडची सर्वांत जास्त रुंदी, शेपटीकडची, आणि कंबर. समजा २५, २४ आणि १९.५ सेंटीमीटर. पहिल्या दोहोंची सरासरी २४.५, त्यातून कंबर वजा केली की ५, त्याचं निम्मं २.५ सेंटीमीटर. ही बाजूच्या कमानीची खोली. दोन्ही रुंद बिंदूंमधलं अंतर दीड मीटर असेल तर त्याचा वर्ग सव्वादोन. त्याला खोलीच्या आठपटीने, म्हणजे ०.२ने भागलं की त्रिज्या सव्वाअकरा मीटर. खोली फक्त सहा मिलिमीटरने वाढली तर हीच त्रिज्या ९ मीटरच्या आसपास येते. नव्वदच्या दशकातले बरेच स्लॅलम बोर्ड याच मापाचे होते. वेग वाढला की असा बोर्ड सतत आपल्याआधी वळायला बघतो आणि माणूस दमतो. हल्ली शर्यतीबाहेर मजेसाठी कार्व्हिंग करणारे १० ते १४ मीटरच्या दरम्यान राहतात.

जुना बोर्ड असमान निघाला, म्हणजे डावी-उजवी कमान एकमेकींपासून पुढे-मागे सरकवलेली, तर तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा किंवा नव्वदच्या सुरुवातीचा. पावलं तिरकी म्हणून टाचेकडची कमान मागे घ्यायची, असा तो विचार होता. पुढे पावलांचे कोन इतके वाढले की टाच आणि चवडा जवळजवळ एकाच रेषेत आले आणि त्या सगळ्या हुशारीची गरज संपली. असा बोर्ड कुणाकडून घेत असाल तर डावा पाय पुढे ठेवणाऱ्याचा की उजवा, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

मधल्या काळात खरा बदल झाला तो बोर्डाच्या पोटात. लाकडाच्या गाभ्यावर आणि खाली टायटनल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे आले, सोबत रबराचे थर. स्वित्झर्लंडमधल्या ब्राउनवाल्डचा केसलर, २००६मध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवणाऱ्या सिगी ग्राबनरचा एसजी, कोलोरॅडोचा डोनेक, ओंटारिओचा कॉइलर ही या दुनियेतली नेहमीची नावं. मेटलमुळे बोर्ड ताठ होतो असा एक समज आहे. प्रत्यक्षात तो शांत होतो: कडक बर्फावर जुना फायबरग्लासचा बोर्ड जिथे थरथरत उडतो तिथे हा चिकटून राहतो. नाकही आता थोडं आधीपासून उचललेलं असतं आणि कमानीची त्रिज्या लांबीभर एकच नसते, त्यामुळे वळण हळुवार सुरू होतं. जुना बोर्ड झटका देऊन वळतो आणि अर्धवट मनाने कड लावलेली खपवून घेत नाही. मला विचाराल तर धडधाकट जुना बोर्ड पहिल्या मोसमात वापरावाच. त्याच्यावर जे जमेल ते नव्यावर सहज जमतं. आणि मेटलचा एक तोटा विक्रेते सांगायला विसरतात. तो एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. बर्फाच्या उंचवट्यांमध्ये तो नेऊ नये, आणि कुणाचा वापरलेला घेताना डोळ्यासमोर आडवा धरून पुढच्या बाइंडिंगच्या जरा पुढे बाक आलाय का ते बघावं.

कोन जुनेच ठेवावेत का? बोर्ड तोच असेल तर हो, नवा असेल तर पुन्हा मोजावेत. ३२ सेंटीमीटरचा बूट ६० अंशांवर आडवी लांबी १६ सेंटीमीटरचीच घेतो. त्यात बुटाच्या रुंदीची थोडी भर पडते आणि २०-२१च्या कंबरेवर तो मावतो. टाच किंवा चवडा कडेबाहेर आला तर खोल कललेल्या वळणात तोच बर्फावर टेकतो, कड उचलली जाते आणि माणूस आडवा. उलट अतिअरुंद बोर्डासाठी कोन ६८-७०पर्यंत ताणले तर गुडघे तक्रार करतात, आणि वीस वर्षांनंतरच्या गुडघ्यांची तक्रार ऐकावी. मागचं पाऊल पुढच्यापेक्षा दोन-चार अंश कमी, पुढच्या चवड्याखाली आणि मागच्या टाचेखाली तीन ते सहा अंशांची पाचर, दोन पावलांत साधारण ४८ ते ५२ सेंटीमीटर अंतर. एवढ्यावर सुरुवात करता येते. एका वेळी एकच माप बदलावं, नाहीतर काय सुधारलं आणि काय बिघडलं ते कळत नाही.

कडेच्या धारेचं काम थोडक्यात: तळाकडून अर्धा ते एक अंश, बाजूने ८८ किंवा ८९. गंज आधी डायमंड पट्टीने काढावा. थेट कानस चालवली तर गंजाचे कठीण कण तिचे दात खातात. कोरडा, पांढुरका पडलेला बेस तीन-चार वेळा मेण पाजल्याशिवाय सुधारत नाही. मेण वितळवायच्या इस्त्रीतून धूर निघत असेल तर ती फार तापली आहे. मेण लावण्याआधी बाइंडिंग काढून ठेवावी.

पहिल्या दिवशी उतार सौम्य निवडावा आणि वेळ सकाळची पहिली, यंत्राने रात्री ओढलेल्या रेघा शाबूत असतानाची. अकरानंतर तोच उतार उकरलेल्या शेतासारखा होतो. दोन-चार वळणांनंतर थांबून मागे बघावं. दोन्ही बाजूंची रेघ बारीक असेल तर ठीक. टाचेकडच्या वळणात ती पसरट झाली असेल तर बहुधा कंबरेत वाकून बसण्याची जुनी खोड परत आली आहे. गुडघे वाकवावेत, छाती बोर्डाच्या नाकाकडे ठेवावी, बर्फाला हात लावायला जाऊ नये. खोल कार्व्ह माणसाला उतारावर आडवा, कधी थोडा वरही नेतो, आणि मागून येणाऱ्या स्कीअरला याची कल्पना नसते. एफआयएस या आंतरराष्ट्रीय स्की संघटनेच्या नियमांत मागच्याने पुढच्याला सांभाळायचं आहे हे खरं. पण उतारावर वर जाणाऱ्याने वर-खाली बघूनच जावं, हाही त्याच यादीतला पाचवा नियम आहे.

एवढं करून मोसमाच्या शेवटी नवा बोर्ड हवाच असं वाटलं, तर छोटे कारागीर मागणी घेताना वजन, बुटाचं माप आणि नेहमीचा उतार विचारतात. वजन खरं सांगावं, कपडे-बुटांसकट. पाच किलो लपवले तर त्या हिशोबाने मऊ बोर्ड हातात येतो. आणि मागणी वसंतातच द्यावी. डिसेंबरात जाग येणारे बरेच असतात, आणि कारखान्यात माणसं मोजकी.