बक्षीस जिंकले, पैसे मात्र अडकले

मॅरेथॉनच्या व्यासपीठावर हातात दिला जाणारा मोठा पुठ्ठ्याचा धनादेश फोटोपुरताच असतो. शर्यतीत प्रवेश मिळवणे, करार करणे आणि पहिल्या दहांत येणे एवढे माझे सुरळीत पार पडले. घोडे अडले ते आयोजकांच्या लेखा विभागात.

पहिले कारण रास्त होते. उत्तेजक चाचणीचा अहवाल निर्दोष आल्याखेरीज रक्कम मिळत नाही, ही अट करारातच असते. मात्र अहवाल आल्यावरही पैसे येईनात. पासपोर्टवर आधी आडनाव आणि बँकेत आधी नाव, एवढ्यावरून अर्ज परत आला. तो दुरुस्त करून पाठवला, तर कर-निवासाच्या दाखल्याची, म्हणजे मी करासाठी कोणत्या देशाचा रहिवासी आहे हे सांगणाऱ्या कागदाची, मुदत संपल्याचे उत्तर आले. ही मुदत अर्ज त्यांच्याच टेबलावर पडून असताना संपली होती, हे ऐकून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. प्रत्येक ईमेलला नवीनच व्यक्ती उत्तर देई आणि सगळी कागदपत्रे पुन्हा पहिल्यापासून मागे. तिकडे फिजिओचे बिल, सराव शिबिराचा खर्च आणि पुढच्या शर्यतीचे विमानभाडे काही थांबत नव्हते. पूर्ण ताकदीच्या मॅरेथॉन वर्षाला दोन-तीनच धावता येतात, त्यामुळे एक रक्कम अडकली की अर्ध्या वर्षाची कमाई अडकते.

शेवटी पैसे आले ते कर कापूनच. अमेरिकेत परदेशी धावपटूच्या बक्षिसातून, दोन देशांमधल्या कर-करारात सवलत नसल्यास, ३० टक्के आधीच कापले जातात. एजंटचे सर्वसाधारणपणे १५ टक्के वेगळे, आणि माझ्या करारात ते करापूर्वीच्या रकमेवर धरलेले होते. सही करण्याआधी हे कलम जरूर वाचावे. १९८६ पूर्वी बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोख बक्षीसच नव्हते आणि २०२४ मध्ये विजेत्याला दीड लाख डॉलर मिळाले, हे खरे असले तरी दहाव्या क्रमांकाच्या वाट्याला त्यातला किरकोळ हिस्सा येतो. म्हणूनच आमच्यासारख्यांचा संसार सहभाग शुल्कावर (शर्यतीत उतरण्यासाठी आयोजक धावपटूला देतात ती रक्कम) आणि बुटांच्या कंपनीच्या मानधनावर चालतो. त्यातही ठरलेल्या शर्यती धावल्या नाहीत तर मानधनाला कात्री लावणारे कलम असतेच.

एक राहिले: सहभाग शुल्क कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे धावण्याआधी लेखी घ्यावे. कर कापल्याचे प्रमाणपत्रही तेव्हाच मागून ठेवावे, कारण त्याशिवाय परदेशात भरलेल्या कराची वजावट आपल्या देशात मागणे कठीण होते. माझे प्रमाणपत्र अजून त्याच विभागाकडून यायचे आहे.