लेखिकाबाई आल्या

मावशीच्या तेराव्याचं आवरून परवा रात्री घरी आले, अंग नुसतं आंबलेलं, पण झोप कसली, डोक्यात वहिनीचं ते एकच वाक्य. मी ताटं ठेवायला आत गेले तर ओट्यापाशी चाललेलं बोलणं पटकन थांबलं आणि वहिनी म्हणाली, "हळू गं, लेखिकाबाई आल्या, उद्या छापून येईल." सगळ्या हसल्या. मीपण हसले. चिडले असते तर अजूनच लेखिका.

फ्लॅटच्या वाटणीत मला काडीचा रस नाही. (थोडा आहे, जाऊ दे.) पण ज्या घरात मी दहावीची अख्खी सुट्टी मावशीच्या मशीनचं पायडल मारत काढली तिथे मी आले की आवाज उतरवायचे? मी काय इन्कम टॅक्सवाली आहे?

लागलं कारण ती खोटं बोलत नव्हती. दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. पाऊण तास झाला, मामानं हात जोडून सांगितलं मशीन विकणार नाही, दादानं सांगितलं बाबांना एकटं टाकणार नाही, शेवटी एक आला तो पिंडाकडे ढुंकूनही न बघता बाजूचा बटाटेवडा उचलून उडाला आणि गुरुजी घाईघाईनं म्हणाले शिवला, शिवला. दादा ढसाढसा रडत होता. आणि मी रिक्षात बसल्या बसल्या फोनमध्ये काय टाइप केलं तर 'मशीन, कावळा, वडा'. रडले रात्री. माझं रडणं नेहमी मागाहूनच येतं, त्याचं काय करायचं कळत नाही. आई गेली तेव्हापण... असो.

मग वाईट वाटलं की मी जे करते तेच केलं, थोरामोठ्यांच्या पंगतीत स्वतःचं पान मांडलं. कथाकार जी. ए. कुलकर्णी बघ, धारवाडला काळा गॉगल लावून माणसांपासून लांब राहिले, 1973चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तोही परत केला. लिहिणारा असाच, वेगळा वगैरे. दहा मिनिटं बरं वाटलं. मग कवी नारायण सुर्वे आठवले आणि पंगत उठली. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेलं पोर, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं घरी नेऊन वाढवलं, परकं वाटून घ्यायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना, आणि ते गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, कामगारांच्या मधोमध बसून लिहीत राहिले, 1995ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माझ्याकडे सख्खी मावशी होती आणि तरी मी तिच्या दहाव्याला कडेला उभी राहून वडा बघत होते. तिथे मला कुणी ढकललं नव्हतं.

आज सकाळी वहिनीचा मेसेज. "अगं ते आभाराचं तेवढं लिहून दे ना ग्रुपवर टाकायला, तुझ्यासारखं आम्हाला नाही जमत." लिहून दिलं. तिनं दोन वाक्यं उडवली, वर सहा हात जोडलेले टाकले, आणि खाली सगळ्यांची नावं घालताना माझंही घातलं, दादाच्या लगेच खाली.

वडा त्यात नव्हता. तो फोनमध्ये आहे अजून, डिलीट करवत नाहीये.